मधला पाव

"पूर नको, ओपल. दुसरं काहीही लिही, पण पूर नको," व्हर्ना स्टिडम म्हणाली आणि तिने निबंधाचे दोन्ही कागद टेबलावर उपडे घातले.

समोर बसलेली ओपल कॉडिल नुसती बघत राहिली. सतरा वर्षांची पोर. अंगावर पेट्रोल पंपावरच्या खानावळीचा लाल शर्ट, कानामागे पीठ. पहाटे तिथे शंभर-सव्वाशे ताकातले पाव भाजून ती शाळेत यायची. तिला आधी वाटलं, बाई चेष्टा करतायत. मिस व्हर्नाने सव्वीस वर्षांत कधी चेष्टा केली नव्हती, तरी वाटलं.

"गेल्या महिन्यात तुम्हीच म्हणालात ना, पुरावर लिही म्हणून?"

"म्हणाले होते."

"मग?"

"मग आता नको म्हणतेय. शुक्रवारी चार वाजता मुदत संपते. आज सोमवार. चार दिवस आहेत, पुष्कळ आहेत."

चार दिवस अजिबात पुष्कळ नव्हते, आणि हे व्हर्नाइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार! स्लेट फोर्कच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढची वाट दाखवायची, हे तिचं काम. कॉलेजवाले मार्क बघतात, शिक्षकांची पत्रं बघतात, आणि वर साडेसहाशे शब्दांचा एक निबंध मागतात. मार्क काय, शंभर पोरांचे सारखेच असतात. निबंधातून पोर कळलं पाहिजे. आणि डोंगरातली पोरं लिहायची काय, तर 'मला लोकांना मदत करायला आवडते' किंवा 'मी कष्टाळू आहे'. व्हर्ना लाल पेन्सिलने समासात एकच वाक्य लिहायची: हे कोणीही लिहिलं असतं.

मग पाच वर्षांपूर्वी पूर आला. ओढ्याची नदी झाली, अर्धं गाव गेलं. त्या वर्षी निबंधांचा गठ्ठा समोर घेऊन बसताना व्हर्नाच्या मनात एक विचार आला, आणि त्याची तिला तेव्हा लाज वाटली नाही, हे खरं दुखणं. तिला वाटलं, चला, आता पोरांना लिहायला काहीतरी झालं. तेव्हापासून दर वर्षी हुशार पोर दिसलं की ती म्हणायची, पुरावर लिही.

व्हिटलो कॉलेज डोंगरातल्या दोन मुलांना दर वर्षी घेतं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडून. चार वर्षांत स्लेट फोर्कचं एकही पोर तिथे लागलं नव्हतं. आज सकाळी तिने शेवटी न राहवून फोन केला होता. निबंध वाचणाऱ्या मिसेस ॲबरनेथी फोनवर आल्या. बोलल्या गोडच, पण जे बोलल्या त्याने व्हर्नाच्या तोंडचं पाणी पळालं.

आता ते या पोरीला सांगायचं होतं. मृदू शब्दांत सांगायचं असं तिने ठरवलं होतं. ठरवलेलं घडतं कुठे!

"त्यांच्याकडे आपल्या शाळेतून चार वर्षांत नऊ निबंध गेले, ओपल. नऊच्या नऊ पुराचे. त्या म्हणाल्या, कुठलं पोर कुठलं तेच कळत नाही. सगळ्यांत तेच पाणी, तोच चिखल, तीच पिवळ्या रेनकोटातली बाई पुलाच्या कठड्याला धरून..."

ती थांबली. पण उशीर झाला होता.

"पिवळा रेनकोट तर माझ्या आईचा," ओपल म्हणाली.

व्हर्ना उपड्या कागदांच्या कडा जुळवत बसली.

"आई कठड्याला धरून होती? कोण म्हणालं? मला तर सांगितलं, गाडीतच गेली. कळलंसुद्धा नसेल तिला, असं सांगितलं सगळ्यांनी मला."

"ओपल, ऐक जरा."

"कोणी बघितलं, मिस व्हर्ना?"

खिडकीबाहेर शाळेचं पटांगण होतं आणि पटांगणाच्या टोकाला तो पूल. नवीन, काँक्रीटचा. व्हर्ना त्याच्याकडे बघत म्हणाली, "मी बघितलं. या खिडकीतून."

रेनी कॉडिल, ओपलची आई, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पूर आला त्या सकाळी लोक शाळेत आसऱ्याला येतील, त्यांना खायला लागेल, म्हणून ती निघाली होती. गाडी पुलावर बंद पडली. ती उतरली. बाराएक मिनिटं कठड्याला धरून उभी होती. व्हर्ना खिडकीतून ओरडत होती, हात हलवत होती. शाळेत दोरी नव्हती, माणूस नव्हता. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. पोरीला कसं सांगणार? पण आतल्या आत ठेवणंही जमेना. मग एक मुलगा निबंध लिहायला बसला आणि म्हणाला, मिस व्हर्ना, आमच्या तळघरात नुसतं पाणी शिरलं, मी लिहू काय? तेव्हा तिच्या तोंडून ते बाहेर पडलं. लिही, तुमच्या शेजारची एक बाई होती, पिवळा रेनकोट घातलेली. पुढच्या वर्षी दुसऱ्याला सांगितलं. असं करत करत नऊ जणांना.

यातलं तिने ओपलला निम्मंच सांगितलं. तेवढंही भरपूर झालं.

"म्हणजे व्हिटलोच्या त्या बाईला माहीत," ओपल म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्याचीच व्हर्नाला भीती वाटली. "नऊ पोरांना माहीत. तुम्हाला माहीत. अन् मला नाही."

"मला वाटलं तुला त्रास..."

"आणि आता मीच लिहायचं नाही. कारण संपली ती. तुम्ही वाटून टाकलीत तिला."

तिने टेबलावरचे कागद उचलले नाहीत. दप्तर उचललं आणि गेली.

व्हर्नाने डबा उघडला, कारण जेवायची वेळ होती आणि काहीतरी करायला हवं होतं. डब्यात पाव होता. तो तिने कॉफीत बुडवून मऊ केला. शाळेचं खाणं तिने केव्हाच सोडलं होतं. आधी रोज तिथेच खायची, आवडीने. पण पुरानंतर नवीन स्वयंपाकीण आली आणि पाव असे कडक व्हायला लागले की दात पडावेत. व्हर्नाची डावी दाढ वर्षानुवर्षं ठणकायची. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ती विषय बदलायची, त्यामुळे सगळं चावणं उजवीकडे. आज तेही होईना. घास तोंडात फिरत राहिला.

मंगळवारी ओपल शाळेत आली नाही. बुधवारीही नाही.

या दोन दिवसांत व्हर्नाने काय नाही केलं! फोन लावला, तो कोणी उचलला नाही. दुसऱ्या मुलीबरोबर निरोप धाडला. मिसेस ॲबरनेथींना विनवलं की मुदत सोमवारपर्यंत वाढवा, एका मुलीची अडचण आहे. त्या म्हणाल्या, मिस स्टिडम, अडचण सगळ्यांचीच असते. खरंच होतं ते. मग व्हर्नाने ओपलचं शिफारसपत्र उघडलं. तेही तिलाच लिहायचं असे. सव्वीस वर्षांत तिने एक पत्र घोटून तयार केलं होतं, त्यात नाव तेवढं बदलायचं. 'अमुक ही अत्यंत कष्टाळू, नम्र व होतकरू विद्यार्थिनी आहे.' ओपलचं नाव टाकून ते गेल्याच आठवड्यात तयार होतं. तिने ते वाचलं. मग हातातल्या लाल पेन्सिलकडे बघितलं. हे कोणीही लिहिलं असतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती गाडी काढून खोऱ्यात वर गेली. कॉडिलांचं घर म्हणजे पुरानंतर सरकारने दिलेली पत्र्याची लांबट खोली. बाहेर ओट्यावर ओपलचे आजोबा हॉबर्ट बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, फुप्फुसांत आता त्या कोळशाशिवाय काही उरलं नव्हतं. पण जीभ शाबूत होती.

"आलीस?" ते म्हणाले. "मला वाटलं मंगळवारीच येशील. तुझा बाप खाणीत माझ्याबरोबर होता, त्याला एवढा वेळ लागला नसता."

"कशी आहे ती, मिस्टर हॉबर्ट?"

"कशी असणार? भांडी आपटतेय. दोन दिवस भांडी आपटतेय. तीन बश्या गेल्या माझ्या." त्यांनी दम घेतला. "तू बघितलंस रेनीला. आणि पाच वर्षं माझ्यासमोरून गाडी घेऊन जातेस. हात करतेस."

"हो."

"माझी लेक होती गं ती, व्हर्ना. बारा मिनिटं होती म्हणालीस पोरीला, तर बारा मिनिटांचं मला ऐकायचं होतं. वाईट असलं म्हणून काय झालं? माझंच होतं ना ते?"

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिने सांगितलं. सगळं, आता काही न गाळता. रेनीने एकदा वर खिडकीकडे बघितलं होतं, तेही सांगितलं. तिने एक हात सोडून हलवला होता. मदत मागायला नाही, तर मागे हो, खिडकीतून मागे हो, असं सांगितल्यासारखा. आतली भांडी केव्हाच थांबली होती. ओपल जाळीच्या दारामागे उभी होती.

ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं.

"उद्या चार वाजता मुदत संपते," व्हर्ना शेवटी म्हणाली. हे बोलणं किती कोडगं आहे ते तिला कळत होतं, पण न बोलून चालणार नव्हतं. "माझ्यावरचा राग त्या कॉलेजवर काढू नकोस. व्हिटलो इथून तासाभरावर आहे. दर शनिवारी आजोबांकडे येता येईल तुला. दुसरं कुठलं कॉलेज असं नाही, आणि आपल्याकडे दुसरी वाटही नाही. मी पाया पडते तुझ्या."

"लिहू काय पण?" ओपल जाळीमागून म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे आहे काय दुसरं? पहाटे उठते, पाव भाजते, शाळेत येते, पॅपॉच्या नाकातली नळी बदलते, झोपते. यावर लिहू? ट्रेमध्ये पाव कसे मांडायचे त्यावर?"

"कसे मांडतेस?"

"काय?"

"ट्रेमध्ये. कसे मांडतेस?"

"चिकटून," ओपल रागाने म्हणाली. "चिकटवूनच मांडायचे असतात. आईने शिकवलंय." आणि तिने आपल्या हातांकडे बघितलं.

हॉबर्टनी मान वळवून नातीकडे बघितलं. मग व्हर्नाला म्हणाले, "जा आता तू. अंधार व्हायच्या आत उतर खाली. रस्ता धड नाही."

शुक्रवारी साडेतीन वाजले तरी ओपलचा पत्ता नव्हता. व्हर्ना खिडकीशी जायची, परत खुर्चीशी यायची. मुख्याध्यापक प्रॅटर डोकावून म्हणाले, "काय मिस व्हर्ना, घर जळतंय का?" चारला वीस मिनिटं असताना पूल ओलांडून लाल शर्ट येताना दिसला. पोरगी पळत होती.

ओपल आत आली ती धापा टाकत. तिच्या हातात पंपावरच्या कागदी पिशव्या होत्या, पाठकोऱ्या, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं.

"संगणक द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाचायचं नाही."

"मी फक्त चुका..."

"चुका राहू देत. लाल पेन्सिल नको. हे वाचायचं नाही तुम्ही, नाहीतर मी पाठवत नाही."

सव्वीस वर्षांत न वाचलेला निबंध त्या खोलीतून कधी बाहेर गेला नव्हता. व्हर्ना उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. मागे कळफलक वाजत होता. अडखळत, मग भराभर, मग परत अडखळत. व्हर्ना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर अर्ध्या मिनिटाला बघत होती.

चारला सात मिनिटं. "झालं," ओपल म्हणाली.

"आता माझं पत्र जोडायचं. पण आधी तू वाच."

"पत्र मुलांना दाखवत नाहीत ना? नियम आहे ना?"

"आहे. वाच तू."

ते नवीन पत्र होतं, सकाळी लिहिलेलं. फार लांब नव्हतं. 'स्लेट फोर्कच्या नऊ निबंधांत तुम्ही जिच्याविषयी वाचलंत ती बाई या मुलीची आई होती. तिला वाहून जाताना त्या नऊ मुलांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. ते मला लिहिता आलं नाही, म्हणून मी मुलांकडून लिहून घेतलं. त्यांना दोष देऊ नये. ओपल कॉडिलचा निबंध मी वाचलेला नाही. तिने तो वाचू दिला नाही, आणि तिचं बरोबर आहे. या शाळेतून तुमच्याकडे आलेला, माझा हात न लागलेला हा पहिलाच निबंध. या मुलीविषयी मला इतकंच खात्रीने सांगता येतं की ती रोज पहाटे उठून शंभराहून जास्त लोकांना जेवू घालते, आणि तिला जे कळायला हवं होतं ते मी पाच वर्षं लपवून ठेवलं.'

ओपलने वाचलं. "हे पाठवलंत तर तुम्हाला काढतील," ती म्हणाली.

"दाब बटण. चार वाजायला आलेत."

ओपलने बटण दाबलं. दोघी पडद्यावरच्या फिरणाऱ्या गोल चकतीकडे बघत बसल्या. गेलं, तेव्हा चारला दोन मिनिटं होती. ओपलने पिशव्या गोळा केल्या आणि निरोप न घेता निघून गेली.

पत्र गुपित राहिलं नाही. व्हिटलोने जिल्ह्याच्या कार्यालयाला विचारणा केली, कार्यालयाने प्रॅटरना, प्रॅटरनी तिला. "असं पत्र लिहितं का कोणी, मिस व्हर्ना?" ते खरंच हळहळून म्हणाले. "निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती तुमची." जूनमध्ये तिने राजीनामा द्यावा असं ठरलं. नऊ मुलांपैकी दोघांच्या आयांनी बाजारात तिच्याशी बोलणं टाकलं. एक मुलगा मात्र येऊन म्हणाला, बरं झालं, मला ते कायम टोचत होतं. ओपल वर्गात यायची, जायची, व्हर्नाच्या दाराकडे बघायची नाही. हिवाळा असा गेला.

मार्चच्या एका सकाळी, पहिली घंटा व्हायच्या आधी, ती दारात उभी होती.

"लागलं नाव," ती म्हणाली.

व्हर्नाने दोन्ही हात तोंडावर धरले.

"पॅपॉ रडला. मग म्हणाला, शनिवारी आली नाहीस तर बघ." ओपलने टेबलावर एक कागदी पिशवी ठेवली आणि तिच्यावर दोन छापील पानं. "हे पण तोच म्हणाला, दाखव तिला. मी दाखवणार नव्हते." आणि ती तासाला गेली.

व्हर्नाने चष्मा लावला. सवयीने लाल पेन्सिल हातात आली होती, ती तिने खणात टाकली आणि खण लावून घेतला.

'माझी आई रेनी कॉडिल आमच्या शाळेत पाव भाजायची. पाव ट्रेमध्ये चिकटवून मांडले की कडेचे कडक होतात आणि मधले मऊ राहतात. शाळेत दोनशे माणसं होती आणि कोणाला कुठला पाव द्यायचा ते आईला पाठ होतं. फुटबॉलच्या मुलांना कोपऱ्यातले, कारण त्यांना कुरकुरीत आवडतात. बसच्या ड्रायव्हरला कडेचा, कारण तो पाकात बुडवून खातो. ज्या मुलाच्या घरी भांडण झालेलं असेल त्याला दोन. मधला एक पाव ती रोज बाजूला काढून ठेवायची. तो मिस स्टिडम यांचा. त्यांची डावी दाढ दुखते, पण त्या कोणाला सांगत नाहीत. मी आईला विचारलं, मग तुला कसं कळलं? आई म्हणाली, त्या खाताना मान कशी वाकडी करतात, बघ ना जरा...'

व्हर्नाने पान खाली ठेवलं. थोड्या वेळाने परत उचललं. दुसऱ्या पानावर ओपल पहाटे पंपावर काय करते ते होतं. तिथेही तिला आता माणसं पाठ झाली होती. पूर कुठेच नव्हता. पूल नव्हता, रेनकोट नव्हता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रेनी जिवंत होती, पिठाचे हात घेऊन उभी होती, आणि लोकांकडे बघत होती.

अकरा वर्षं व्हर्नाने ते पाव खाल्ले होते. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीशी ट्रे पुढे करायची, थँक यू म्हणायची आणि हातातले निबंध वाचत निघून जायची. नवीन स्वयंपाकीण वाईट, एवढंच तिला वाटत आलं होतं.

तिला रडू आवरेना. बाहेर घंटा झाली, मुलं वर्गात गेली, व्हरांडा शांत झाला. मग तिने कागदी पिशवी उघडली. आत एकच पाव होता, अजून कोमट. तिने तो फिरवून बघितला. चारही बाजू फाडून काढलेल्या, मऊ, एकही कड भाजलेली नाही.

व्हर्नाने मान सरळ ठेवली आणि पाव डाव्या दाढेने, सावकाश, संपेपर्यंत खाल्ला.